कार्डावरची सुई

अवकाशयान म्हटलं की लोकांना आग आठवते, धूर आठवतो, आकडे उलटे मोजणारा तो खर्जातला आवाज आठवतो. शिवणयंत्र कुणालाच आठवत नाही. पण यानाच्या पोटाखाली ताप रोखणाऱ्या काळ्या फरशा असल्या, तरी पाठीवर आणि कुशींवर, जिथे ताप जरा कमी लागतो तिथे, काचेच्या धाग्याच्या पांढऱ्या रजया चिकटवलेल्या असतात, आणि त्या कुणीतरी मशीनवर बसून शिवाव्या लागतात. कागदोपत्री त्या रजयांचं नाव हातभर लांब होतं. ज्या हॉलमध्ये त्या शिवल्या जायच्या तिथे त्यांना सरळ गोधडी म्हणत.

त्या हॉलमध्ये अकरा वर्षं काम करणारी एक बाई होती. तिला सगळे वहिनी म्हणत. ती कुणाचीच वहिनी नव्हती, म्हणजे एकीचीच होती. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ती चष्मा घरी विसरली, तेव्हा तिची नणंद तो घेऊन फाटकावर आली आणि पहारेकऱ्याला न जुमानता तिथूनच ओरडली, “वहिनीऽ, चष्मा!” झालं. त्या दिवसापासून अख्खा कारखाना तिची नणंद होऊन बसला. मुकादमापासून साहेबांपर्यंत सगळे तिला वहिनी म्हणू लागले, आणि तिनेही ते नाव अंगावरच्या कपड्यासारखं वापरायला घेतलं.

वहिनी अंगाने काटकुळी, जिभेने तिखट. सुई बोथट व्हायला लागली की तिला आवाजावरून कळायचं, तीन मशीनपलीकडच्या बाईला ती मान वर न करता सांगायची, “बदल गं ती, रडायला लागलीय.” दुसरीचा टाका वाकडा दिसला तर न विचारता उसवायची. त्यामुळे निम्मा हॉल तिच्यावर चिडलेला असायचा आणि अडलं की तोच निम्मा हॉल तिच्याकडे यायचा. तिला याचा गर्व होता. असायलाच हवा होता, मी तर म्हणतो कमीच होता.

त्या हॉलचे नियम पुष्कळ होते, पण सगळ्यांत कडक नियम सुईचा. सुई मोडली की मशीन बंद करायचं, लाल झेंडी वर करायची, आणि सुईचे सगळे तुकडे गोळा करून एका कार्डावर पारदर्शक पट्टीने एकापुढे एक चिकटवायचे. कार्डावर सुई बुडख्यापासून टोकापर्यंत पूर्ण दिसली पाहिजे. मग तपासनीस येणार, मापाने मोजणार, सही करणार, आणि मगच नवी सुई मिळणार. एखादा तुकडा कमी पडला तर हॉलची दारं बंद. कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. तुकडा चपलेला चिकटूनही जाऊ शकतो. दोन-दोन, तीन-तीन तास जमिनीवर चुंबक फिरायचा. तरी नाही सापडला तर गोधडी उसवायची. कामावर घेताना शिकवणाऱ्याने एकदाच सांगितलं होतं: धातूचा कण आत राहिला तर तो तापतो, कापडाला भोक पाडतो, भोकातून तापलेली हवा आत शिरते, गोधडी फाटते, आणि गोधडीखाली नुसतं ॲल्युमिनियम असतं. नव्या बायकांना घाबरवायला तो जरा तिखटमीठ लावतही असेल. वहिनीने मात्र ते जसंच्या तसं गिळलं होतं.

तपासनिसाला बायका भिंग म्हणत, कारण त्याच्या गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग कायम लोंबत असे. शांत, वाकलेला, निवृत्तीला टेकलेला माणूस. त्याच्या नजरेतून धुळीचा कण सुटत नाही अशी त्याची ख्याती होती, आणि वहिनीला तर हॉलमध्ये फक्त दोघांवर भरवसा होता, एक स्वतःवर आणि एक भिंगावर.

आता वहिनीच्या हातून काय झालं ते सांगायला हवं.

तिच्या नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. सहा दिवस तो बेशुद्ध होता. सातव्या दिवशी दुपारी हॉस्पिटलातून कारखान्यात फोन आला की पेशंट शुद्धीवर आलेत, बायकोला बोलावताहेत, भेटायची वेळ चार ते पाच, त्यानंतर सोडणार नाही. वहिनीने साडेतीनची सुट्टी मागून घेतली आणि हातातली गोधडी संपवायला बसली. अर्धवट सोडून जाणं तिच्या रक्तात नव्हतं. तीन वाजून दहा मिनिटांनी सुई मोडली.

तुकडे तीन झाले असणार. तिला दोन सापडले. टोक नव्हतं. तिने मांडी झटकली, मशीनची थाळी काढली, गोधडीवरून तळवा दोनदा फिरवला. घड्याळात सव्वातीन झाले. झेंडी वर केली आणि खरं सांगितलं तर दारं बंद होणार, सहा वाजणार, आणि तिकडे तो दाराकडे डोळे लावून पडलेला असणार.

तिच्या खिशात गोळ्यांची एक जुनी डबी होती. घरच्या मशीनची सुई मोडली तरी वहिनी तुकडे केरात टाकत नसे. केर उचलणाऱ्याच्या हाताला टोचतील म्हणून ते डबीत घालून कारखान्यातल्या धारदार भंगाराच्या पेटीत आणून टाकायची. इतकी सरळ बाई. त्या दिवशी ती डबी पेटीत रिकामी करायची राहून गेली होती. तिने खिशातच डबी उघडली, घरच्या सुईचं टोक चिमटीत धरलं आणि कार्डावर तिसऱ्या जागी चिकटवलं. मग लाल झेंडी वर केली.

भिंग आला. भिंग डोळ्याला लावलं, माप धरलं, कार्डाकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं आणि सही केली. “जा तुम्ही,” एवढंच म्हणाला.

ती चार वीसला पोचली. नवरा झोपला होता. नर्स म्हणाली, “आत्ताच डोळा लागलाय, इतका वेळ तुमचंच नाव घेत होते. उठवू नका.” वहिनी चाळीस मिनिटं त्याचा हात धरून बसली. पाच वाजता तिला उठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा भरत असताना तो गेल्याचा निरोप आला. ज्या एका शब्दासाठी तिने हे केलं होतं तो शब्दही तिच्या वाट्याला आला नाही.

दोन आठवड्यांनी ती कामावर परतली तेव्हा ती गोधडी यानाच्या डाव्या कुशीवर, दरवाजाच्या वरच्या रांगेत चिकटवून झाली होती. उद्या सांगू, असं ती रोज म्हणायची. सोमवारी म्हणायची शुक्रवारी सांगू, शुक्रवारी म्हणायची आता सोमवारी. मग मनाला समजवायची की भिंगाने पाहिलंय ना! त्याच्या नजरेतून सुटलं म्हणजे तेवढं चालत असेल. टोक जमिनीवरच पडलं असेल, झाडलोटीत गेलं असेल. असे सात महिने गेले आणि उड्डाणाचा दिवस उजाडला.

त्या सकाळी टीव्हीपुढे दोघीच होत्या, वहिनी आणि नणंद. नणंद टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, एकटी, भावाच्या घरी राहणारी. भाऊ गेल्यावर दोघी बायका एकमेकींना धरून उरल्या होत्या. नणंदेला यानाचं भारी वेड. वर्तमानपत्रातून सातही अंतराळवीरांचे फोटो कापून तिने कपाटाच्या दारावर चिकटवले होते आणि शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवले होते. “आमच्या वहिनीनं शिवलंय ते यान!” जणू वहिनीने घरी बसून त्याला बाह्या लावल्या होत्या.

“वन्सं, आवाज जरा कमी करा,” वहिनी म्हणाली.

“कमी? अगं, आज वाढवायचा दिवस आहे!”

आकडे उलटे मोजून संपले. यान उठलं. नणंद टाळ्या वाजवत रडू लागली आणि वहिनी यानाची डावी कूस शोधत राहिली. धुराशिवाय काही दिसत नव्हतं. निवेदक म्हणाला, सगळं सुरळीत आहे. साडेआठ मिनिटांनी यान वर पोचलं.

“पोचले गं बाई! सुटलीस तू!” नणंदेने तिच्या पाठीवर थाप मारली.

वहिनीला ठाऊक होतं की जाताना काही नाही. खरं भाजणं परतताना असतं. म्हणजे अजून बारा दिवस.

ते बारा दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. वर ती सात माणसं तरंगत दात घासत होती, चमच्यातलं पाणी हवेत सोडून तोंडाने पकडत होती, आणि इकडे नणंद पोट धरून हसत होती. त्यांच्यात एक दोन मुलांची आई होती. तिने एकदा कॅमेऱ्यापुढे केस मोकळे सोडले; ते चारी बाजूंनी उभे राहिले आणि ती खाली असलेल्या आपल्या मुलांना म्हणाली, बघा, आईचं डोकं फिरलं. वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

“काय गं, कांदा चिरत्येस का?” नणंदेने बाहेरून विचारलं.

“हो.”

घरात त्या दिवशी कांदा नव्हता.

सहाव्या दिवशी बातमी आली. यानाच्या कॅमेऱ्यात एका गोधडीचा कोपरा उचकटलेला दिसला होता. वहिनी उठून टीव्हीला चिकटून उभी राहिली. मग निवेदकाने सांगितलं, उजवीकडे, मागच्या बाजूला. म्हणजे तिची नव्हे. तिला क्षणभर आनंद झाला, आणि त्या आनंदाची तिला जन्मभर पुरेल एवढी लाज वाटली. कारण दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये जिने ती गोधडी शिवली होती ती बाई मशीनवर डोकं टेकून रडत होती, आणि सगळ्या बायका वहिनीलाच पुढे ढकलत होत्या, “वहिनी, तुम्ही समजवा तिला.” वहिनीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “चिकटवणाऱ्यांचं काम सुटलंय, तुझा टाका नाही,” ती म्हणाली. ते खरंच निघालं. तज्ज्ञांनी संध्याकाळपर्यंत सांगितलं की कोपरा तसाच राहिला तरी धोका नाही. पण वरून हुकूम सुटला की या यानाची सगळी सुईकार्डं पुन्हा तपासा.

दोन दिवस भिंग आपल्या काचेच्या खोलीत कार्डांच्या गठ्ठ्यापुढे बसून होता. वहिनी मशीनवरून त्याची वाकलेली मान बघत होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. तो पाणी प्यायला उठला तरी तिला वाटे, आता माझ्याकडेच येतो. तो आला नाही. नवव्या दिवशी दुपारी फळ्यावर कागद लागला: सर्व कार्डं तपासली, सर्व सुया पूर्ण.

वहिनी जेवणाच्या सुट्टीत त्याच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

“माझं कार्ड बघितलंत?”

“बघितलं.”

“त्याचं टोक त्या सुईचं नाही.”

भिंगाने गळ्यातली दोरी काढून भिंग टेबलावर ठेवलं. “ठाऊक आहे,” तो म्हणाला.

“आज कळलं?”

“तेव्हाच कळलं. अहो, आपल्या जाड सुईला घरच्या सुईचं टोक. सुयांत जन्म गेलेल्या आंधळ्यानेही चाचपून सांगितलं असतं.”

ती समोरच्या स्टुलावर बसली. सात महिने ज्या एका आधाराला टेकून ती उभी होती तो आधार असा हलक्या आवाजात बोलत होता.

“मग सही का केलीत?”

“हॉस्पिटलचा फोन मीच घेतला होता ना, वहिनी. ती नर्स म्हणाली, नुसतं तुमचं नाव घेताहेत. मला वाटलं, जाऊ दे बाईला. टोक काय, असेल इथेच जमिनीवर. तुम्ही गेलात, शिफ्ट सुटली, मग मी एकट्याने चुंबक फिरवला. तासभर.”

“मिळालं?”

“नाही मिळालं.”

बाहेर कॅन्टीनमध्ये ताटं वाजत होती.

“मग तुम्ही बोलला का नाहीत?” वहिनीने विचारलं.

“तुम्ही का नाही बोललात?”

ती एवढंच म्हणाली, “आता सांगू. आत्ताच चला.”

“आत्ता सांगून काय करणार? वर जाऊन कोण उसवणार आहे? त्या सात जणांच्या जिवाला नुसता घोर. खाली येऊ दे त्यांना.” त्याने तिच्याकडे पाहिलं. “उतरले की दुसऱ्या दिवशी मी स्वतः तुमच्याबरोबर साहेबांकडे येतो. दोघंही सांगू. शब्द देतो.”

तिला तो शब्द खरा वाटला. आणि मला वाटतं, देताना तो खराच होता. पण घरी जाताना तिच्या डोक्यात वेगळाच भुंगा शिरला. आजवर तिला वाटायचं की एवढ्या मोठ्या यानात एकच खोटी गोष्ट आहे आणि ती तिने केलीय. आता तिथे दोन झाल्या. चांगल्या मनाने केलेल्या. मग आणखी किती असतील? फरशा चिकटवणाऱ्याच्या घरी कुणी आजारी पडलं नसेल? नळ्या जोडणाऱ्याला कुणी म्हणालं नसेल, जाऊ दे, जा तू? हजारो माणसांची कार्डं, हजारो सह्या, आणि त्यावर विसंबून सात जण वर झोपलेत. ती घरी पोचली तेव्हा नणंद दारातच म्हणाली, “आज त्यांनी वरून आपल्याला हात केला! आपल्यालाच गं, सगळ्यांना!”

उतरण्याचा दिवस ढगांमुळे एक दिवस पुढे गेला. तो जादा दिवस बाराही दिवसांपेक्षा मोठा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा हॉल कॅन्टीनमधल्या टीव्हीपुढे जमला. भिंग दाराशी उभा होता. पडद्यावर नकाशा आणि नकाशावर सरकणारा एक ठिपका, एवढंच दिसत होतं. निवेदक सांगत होता की यान आता हवेत शिरलंय, आता त्याचं बाहेरचं अंग तापून लाल झालं असेल. बायका हातात हात घेऊन उभ्या होत्या. वहिनीने कुणाचा हात धरला नाही. तिने मनातल्या मनात कुणाकुणाला काय काय देऊ केलं. नोकरी देऊ केली, डोळे देऊ केले, उरलेली वर्षं देऊ केली. नवऱ्याला म्हणाली, तुम्ही तिकडे आहात तर जरा त्या डाव्या बाजूला हात लावून धरा. हे तिने मला नंतर स्वतः सांगितलं, हसत नव्हती.

मग निळ्या आभाळात पांढरा ठिपका दिसला, त्याचे पंख झाले, चाकं बाहेर आली, धावपट्टीवर धूळ उडाली. यान उतरलं.

कॅन्टीनमध्ये जो गलका झाला तो विचारूच नका. मुकादमाने दोन कप फोडले. जिच्या गोधडीचा कोपरा उचकटला होता ती बाई वहिनीच्या गळ्यात पडली. वहिनी पडद्यावरून नजर हलवत नव्हती. सातही जण एकामागून एक खाली उतरले, ती दोन मुलांची आई जरा लटपटली आणि सावरली. तेव्हा कुठे वहिनीला श्वास आला, आणि श्वास येताच ती इतकी रडली की बायका म्हणाल्या, इतके दिवस नवऱ्याचं रडू अडलं होतं, आज मोकळं झालं. तिने त्यांना तसंच समजू दिलं. त्या एका दिवसापुरती ती सुखी होती, हे सांगायला हवं.

कारण तिला वाटत होतं की आता सोपं आहे. वर कुणी नाही. आता सांगितलं तर शिक्षा होईल ती आपल्याला. गोधडी उसवतील, टोक मिळालं तर मिळालं, नाही तर आपण नवी शिवून देऊ, आणि हा गळफास सुटेल. दुसऱ्या दिवशी ती नीट केस विंचरून, डबा न घेताच कामावर गेली. काढून टाकतील तर डबा कशाला, असा तिचा हिशेब.

भिंग त्या दिवशी आला नव्हता. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा कामात होता. तिसऱ्या दिवशी तिला येताना बघून तो गोदामात शिरला. चौथ्या दिवशी वहिनी एकटीच साहेबांकडे गेली.

साहेब तरुण होता, मुलाच्या वयाचा. त्याने तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, सगळं मधे न बोलता ऐकून घेतलं. वहिनीने काही लपवलं नाही. फक्त भिंगाला ठाऊक होतं हे सांगितलं नाही. त्याचं त्याने सांगावं. साहेबाने फाइल मागवली आणि कार्ड काढलं. पिवळ्या पडलेल्या पट्टीखाली सुईचे तीन तुकडे एकापुढे एक होते.

“इथे तर सुई पूर्ण आहे, वहिनी.”

“टोक दुसऱ्या सुईचं आहे. मोजा ना तुम्ही.”

“मोजायचं काम माझं नाही,” तो म्हणाला आणि भिंगाला बोलावणं पाठवलं. तो येईपर्यंत साहेब कार्डावरची तारीख बघत राहिला. “तुमचे मिस्टर याच सुमारास गेले ना?” त्याने हळू आवाजात विचारलं.

“दुसऱ्या दिवशी सकाळी.”

“हं.” त्याने मान हलवली. ती मान कशी हलली ते वहिनीच्या लक्षात आलं: दुःखाने बाई भ्रमलीय, असं तो धरून चालला होता.

भिंग आला. साहेबाने कार्ड त्याच्यापुढे सरकवलं. “यांचं म्हणणं, हे टोक घरच्या सुईचं आहे. जरा पुन्हा बघता?”

भिंगाने भिंग डोळ्याला लावलं. माप काढलं. वहिनी त्याच्याकडे बघत होती. तिला अजूनही वाटत होतं की हा बोलेल. त्याने शब्द दिला होता.

“माप बरोबर आहे,” भिंग म्हणाला. “सुई पूर्ण आहे. माझी सही आहे.”

“अहो!” वहिनी एवढंच म्हणाली.

साहेबाने कार्ड परत फाइलीत ठेवलं. त्याने तिला खूप समजुतीने सांगितलं, आणि तो खोटं बोलत नव्हता, हेच तर वाईट. माणूस दुःखात असला की नको ते स्वतःवर ओढून घेतो. त्याची आईही त्याचे वडील गेल्यावर म्हणायची, मीच दार उघडं ठेवलं म्हणून त्यांना गारठा लागला. वहिनीने दोन आठवडे सुट्टी घ्यावी. आणि समजा, वादापुरतं समजा, असला जरी एखादा कण, तरी गोधडी जाऊन आली की! न करपता आली. तिच्या कागदावर आता ‘उड्डाणात सिद्ध’ असा शिक्का बसलाय. याहून मोठी तपासणी कोणती?

“एकदा जाऊन आली म्हणजे दर वेळी येईल का, साहेब?” वहिनी म्हणाली. “एकदा उसवून बघा. मी नवी शिवून देते. सुट्टीच्या दिवशी येऊन शिवते. मला काढून टाका आणि मग उसवा, पण उसवा.”

“एक काढायची तर शेजारच्या चार दुखावतात. आणि वेळ कुठे आहे? हेच यान चार महिन्यांनी पुन्हा जायचंय. सात जण निवडले, त्यांचा सराव सुरू झाला.” तो उठून उभा राहिला. “ते तुमच्यासारख्यांच्या कामावरच विसंबून आहेत, वहिनी. स्वतःवर असा अविश्वास दाखवू नका.”

तिने उभ्या आयुष्यात एकच खोटं केलं होतं, आणि तेही तिने तिच्या इतर कामासारखंच चोख केलं होतं. आता ते तिलाही उसवता येत नव्हतं. इतकी वर्षं कमावलेला चांगुलपणा, तिचा शब्द, तिचं वैधव्य, सगळं त्या कार्डाच्या बाजूने उभं राहिलं होतं.

बाहेर बोळात भिंग तिची वाट बघत थांबला होता. त्याने भिंग गळ्यातून काढून मुठीत धरलं होतं आणि त्याला तिच्याकडे वर बघवत नव्हतं.

“माझी नोकरी फक्त चार महिने राहिलीय, वहिनी,” तो म्हणाला. “चारच महिने. समजून घ्या.”

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. तिला राग आला नव्हता. रागाला लागतं तेवढंही तिच्यात उरलं नव्हतं.

“त्या नव्या सात जणांचेही चारच राहिलेत,” ती म्हणाली आणि हॉलमध्ये जाऊन मशीनवर बसली.